सुगरणीचा खोपा आणि डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अलींचा जन्म मुंबईचा, 12 नोव्हेंबर 1896 चा. वडील वर्षाच्या आत गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीत सांभाळलं. मामा शिकारी, त्यामुळे पोराच्या हाती छऱ्यांची बंदूक लवकरच आली. एकदा पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. ही गोष्ट 1908 ची. तिथले सचिव मिलार्डसाहेब यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंच्या कपाटं उघडून दाखवली. मुलगा तिथेच गुंतला तो कायमचा.

पण पोटापाण्याचं काही जमेना. ब्रह्मदेशात घरच्यांचा खाणीचा नि लाकडाचा धंदा बघितला, तो चालला नाही. विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेत नोकरी मिळाली नाही. मुंबईच्या म्युझियममध्ये माहिती सांगायचं काम मिळालं. मग जर्मनीत बर्लिनला जाऊन प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून आले, तर इकडे ती जागाच रद्द झालेली! घरात बायको, हातात नोकरी नाही. खर्च कमी म्हणून दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. आणि तिथे, 1930 च्या पावसाळ्यात, त्यांना सुगरणींची वसाहत सापडली.

आपण सगळे शाळेत बहिणाबाईंची सुगरण शिकलो. नावावरून वाटतं की विणकाम बाईचं. सलीम अली खोप्यांसमोर उंच मचाण उभारून, कापडाच्या आडोशाला बसून तासन् तास बघत राहिले. विणतो तो नर, हे आधीही माहीत होतं. पण पुढचा संसार कसा चालतो ते त्यांनी उलगडलं. पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून लांब धागा काढतो आणि गाठी मारत अर्धाच खोपा तयार करतो. मग माद्या येतात, आत शिरून ओढून-ताणून बघतात. अगदी सॅम्पल फ्लॅट बघायला आल्यासारखं! पसंत पडला तर मादी तिथेच राहते, नाही तर तो खोपा तसाच लटकत राहतो. घर ठरलं की नर खालची लांब नळी विणून काम पुरं करतो, आणि लगेच शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या बायकोसाठी. अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं हे बहुतेक तिच्याच गळ्यात. हा अभ्यास 1931 मध्ये छापून आला आणि त्यांचं नाव झालं.

आपल्या मागच्या भिंतीलगतच्या विहिरीवर वाकलेली बाभूळ सगळ्यांना माहीत आहे. ती तोडून पार्किंग वाढवायचा विषय सर्वसाधारण सभेत येणार आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, मलाही रोज होते. पण सुगरण काटेरी झाड आणि खाली पाणी असं बघूनच जागा निवडते, कारण साप-मांजर तिथे सहज पोचत नाही. शेजारच्या गुलमोहरावर ती जाईलच असं नाही. माझं मत बाभळीला. निदान पिल्लं उडून जाईपर्यंत, म्हणजे दिवाळी होईपर्यंत, कुऱ्हाड लावू नये.

पुढे त्यांनी संस्थानांमधल्या पक्ष्यांच्या पाहण्या केल्या. पहिल्याच मोठ्या पाहण्यांपैकी एक 1931-32 ची, हैदराबाद संस्थानाची. आपलं जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. पत्नी तेहमीना या मुक्कामांत सोबत असत, त्यांचं इंग्रजी लिखाणही ती नीट करून देई. 1939 मध्ये साध्याशा ऑपरेशननंतर ती गेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहिणीच्या घरी राहून काम चालू ठेवलं. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, आणि पुढे डिलन रिप्ले यांच्याबरोबरचे दहा खंड. मोटारसायकलचा भारी शौक. 1950 मध्ये स्वीडनच्या परिषदेला जाताना स्वतःची गाडी बोटीतून नेली आणि युरोपभर हाकली!

भरतपूर आणि केरळचं सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी शब्द खर्च केला. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 1985 मध्ये राज्यसभेवर गेले, 1987 मध्ये नव्वदीत वारले. त्यांच्या वाढदिवसाला संपणारा पक्षी सप्ताह आता आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पाळतात. त्या आठवड्यात सकाळी घाणेवाडी तलावावर जायचा विचार आहे. त्यांचं पक्ष्यांचं पुस्तक आणि एक दुर्बीण माझ्याकडे आहे. सोसायटीतल्या ज्या मुलांना हवी असेल त्यांनी खुशाल न्यावी, फक्त दुर्बिणीचं झाकण हरवू नये.