उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया

देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला सिस्टर राणी मारिया आल्या त्या १९९२ मध्ये. जन्म २९ जानेवारी १९५४ चा, केरळातल्या पुल्लुवळीचा, शेतकरी घरातला. १९७२ मध्ये घर सोडून त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात शिकाऊ म्हणून दाखल झाल्या. दोन वर्षांनी, १ मे १९७४ ला, गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचं पहिलं व्रत घेतलं.

उदयनगरात त्यांनी आदिवासींना बचतीची सवय लावली, सावकाराच्या कर्जातून सुटायचा रस्ता दाखवला. ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाताना बसमध्येच त्यांना भोसकून मारलं.

पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरात चर्चनं राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं.