मुळशीचे सेनापती बापट आणि भूमीचा हक्क

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेत परलोकवासी आत्म्यांच्या स्मरणाचा मानला जातो. याच महिन्याच्या २८ तारखेला, १९६७ साली, सेनापती बापट यांनी इहलोकाचा निरोप घेतला. त्यांच्या पुण्यतिथीचा दुसरा दिवस, २९ नोव्हेंबर, हा संयुक्त राष्ट्रसंघाने १९७७ साली पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीचा दिवस म्हणून घोषित केला. हे दोन दिवस शेजारी यावेत हा निव्वळ योगायोग होय. तथापि सेनापतींचे चरित्र मावळातील भाविकांनी आज पुन्हा वाचावे, यास तेवढा योगायोग पुरेसा आहे.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे एका साधारण स्थितीतील कुटुंबात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली अभियांत्रिकी शिक्षणासाठी एडिंबरो येथे गेले. तेथे त्यांनी इंग्रजी राजवटीविरुद्ध जाहीर भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. पुढे ते क्रांतिकारकांच्या वर्तुळात आले, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकण्याच्या खटपटीत राहिले आणि मायदेशी परतल्यावर काही वर्षे अज्ञातवासात हिंडले. सुटकेनंतर पारनेरला आले तेव्हा त्यांनी हाती झाडू घेतला. गावचे रस्ते व घाणीच्या जागा स्वतः झाडून काढणे हे त्यांचे नित्याचे व्रत झाले आणि ते त्यांनी पुढे आयुष्यभर पाळले.

त्यांना सेनापती ही पदवी मात्र मावळ खोऱ्यांनी दिली. लोणावळ्यास येणारा प्रवासी वळवण आणि लोणावळ्याचे तलाव पाहून प्रसन्न होतो. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांनी १९११ पासून हे जलाशय उभारले. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीस नेऊन १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतर आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले. तिसरी पाळी आली ती मुळशी खोऱ्याची. मुळा आणि निळा या नद्यांच्या काठची आंबेमोहोर भात पिकविणारी शेते, ५० हून अधिक गावे आणि दहा हजारांच्या आसपास माणसे यांवर या धरणाचे संकट आले.

सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. जमिनीच्या बदल्यात जमीन नव्हे, तर रोख नुकसानभरपाई देऊ केली. पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. त्यांना रोकड गैरसोयीची नव्हती. कसणाऱ्या कुळाच्या हाती मात्र काहीच उरणार नव्हते. येथे पवित्र शास्त्रातील नाबोथाची आठवण होते. अहाब राजाने त्यालाही द्राक्षमळ्याच्या बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. वडिलार्जित भूमी विकण्यास नाबोथाने नकार दिला आणि त्यासाठी प्राण गमावले.

मावळ्यांनी दाद कोणाकडे मागावी? मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुका १९२० साली झाल्या होत्या. परंतु मताचा अधिकार शेतसाऱ्याच्या व मालमत्तेच्या अटीवर थोड्यांनाच होता. गरीब कूळ त्यात बसत नव्हते. शिवाय असहकारामुळे काँग्रेसने त्या निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. ज्या सभागृहात त्यांचे भवितव्य ठरत होते, तेथे त्यांचे म्हणणे मांडणारा कोणी नव्हता. अखेर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी स्त्री-पुरुष धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्याप्रमाणेच बापटही या लढ्यात उतरले. काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झाले आणि अटकेचे सत्रही सुरू झाले. बापटांनी वारंवार तुरुंगवास भोगला.

नेमक्या त्याच वर्षी, त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, असाच एक प्रश्न उभा होता. पॅलेस्टाईनमधील मुस्लिम व ख्रिस्ती संघटनांनी मुसा काझिम अल्-हुसैनी यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ १९२१ साली लंडनला पाठविले. त्यात मुस्लिमांबरोबर ख्रिस्ती सदस्यही होते. ब्रिटिश संसदेत त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. म्हणून ते लंडनमध्ये महिनोन्महिने राहून मंत्र्यांना, खासदारांना व उमरावांना भेटत राहिले. जॉर्डन व यार्मुक नद्यांच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याची सवलत सरकारने पिन्हास रुटेनबर्ग यांस देऊ केली होती, तीही वादाचा विषय झाली. २१ जून १९२२ रोजी उमरावांच्या सभागृहाने पॅलेस्टाईनविषयक धोरणाविरुद्ध ६० विरुद्ध २९ मतांनी कौल दिला. परंतु ४ जुलै रोजी कॉमन्स सभागृहात विरोधकांची बाजू २९२ विरुद्ध ३५ मतांनी पडली आणि सरकारचे धोरण कायम राहिले.

मुळशीचाही पराजय झाला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी रुळावर दगड रचून, हाती शस्त्र घेऊन धरणाच्या कामाची गाडी अडविली. शस्त्राचा हा मार्ग आपल्याला मान्य होण्यासारखा नाही, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांनी मात्र आपल्या कृत्याची जबाबदारी टाळली नाही. सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९३१ साली ते सुटले. तोवर खोरे पाण्याखाली गेले होते आणि भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले होते.

स्वातंत्र्यानंतर दाद मागण्याचे दार उघडले, आणि त्या दाराशी वृद्ध सेनापती उभे राहिलेले दिसतात. १९५५ च्या मे महिन्यात ते नानासाहेब गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहासाठी गोव्याच्या हद्दीत शिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या पंच्याहत्तरीत, संयुक्त महाराष्ट्राची मागणी घेऊन त्यांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. १९२१ साली ज्या सभागृहात मावळ्यांना स्थान नव्हते, ते आता लोकांनी निवडलेले सभागृह होते. लोकांच्या प्रतिनिधींनी लोकांचे ऐकावे, एवढेच त्यांचे मागणे होते. तो मोर्चा लाठीमाराने व अश्रुधुराने परतविला गेला, तरी १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

आज मावळच्या प्रत्येक प्रौढ नागरिकास मत आहे. त्याचा आमदार आहे, खासदार आहे. भारताने १९४७ साली पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिले आणि १९८८ साली पॅलेस्टाईन राष्ट्रास मान्यता दिली. व्हॅटिकननेही २०१५ साली पॅलेस्टाईनशी करार केला. बेथलेहेमजवळच्या क्रेमिसान खोऱ्यात विभाजक भिंतीमुळे ख्रिस्ती कुटुंबांच्या ऑलिव्हच्या बागांवर संकट आले, तेव्हा तेथील धर्मगुरूंनी कित्येक शुक्रवार त्या झाडांखालीच मिस्सा अर्पण केली. त्या कुटुंबांना आपल्या लोकसभेत मत नाही. आपल्याला आहे.

म्हणून खासदारांना पत्र लिहिणे, त्यांच्या कार्यालयात जाऊन शांतपणे भेटणे, भूमी, पाणी व निरपराधांचे प्राण यांविषयी लोकसभेत प्रश्न विचारण्याची त्यांना विनंती करणे, आणि यहुदी व पॅलेस्टिनी या दोन्ही समाजांच्या सुरक्षिततेसाठी न्याय्य तोडगा मागणे, ही कामे सामान्य भाविकाच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी ना तुरुंग भोगावा लागतो, ना शस्त्र धरावे लागते. मुळशीच्या कुळांना ही संधी मिळाली नव्हती. ती ज्यांना मिळाली आहे त्यांनी तिचा उपयोग करावा, हेच सेनापतींचे खरे स्मरण ठरेल.