औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

शरीरसंपत्ती ही सर्व संपत्तींत पहिली होय, हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ती संपत्ती कशासाठी मिळवावयाची, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. लोकांनी आपल्या दंडांकडे पाहावे म्हणून, की हातून काही काम व्हावे म्हणून? औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर मिळते, म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. व्यायामाची आवड त्यांस लहानपणापासूनच होती. त्या काळी युरोपात सँडो नामक प्रसिद्ध मल्लाचा मोठा बोलबाला होता. छाती, दंड व मांड्या फितीने मोजाव्यात, पुरातन ग्रीक पुतळ्यांशी आपली तुलना करावी आणि आपली छायाचित्रे घरोघर पोहोचवावीत, अशी त्याची रीत. सामान्य कारकुनासही बलवान होता येते, हे त्याने दाखविले, हा त्याचा गुण खरा. परंतु शरीर ही पाहण्याची वस्तू आहे, ही समजूतही त्याच्यामुळेच दूरवर पसरली. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास सँडोची पुस्तके व साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम निष्ठेने केला.

पुढे १९०८ साली मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांचे वय तेव्हा चाळिशीला आले होते. या वयात मनुष्य बहुधा जुन्या सवयीस चिकटून राहतो. बाळासाहेबांनी मात्र नवी वाट धरली व ती अखेरपर्यंत सोडली नाही. या व्यायामास ना मुद्गल लागतात, ना आरसा. माणूस पालथा मावेल एवढी जागा पुरे. त्यांच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा अवस्था असून त्यांत मान, पाठीचा कणा, पोट, हात व पाय ही सर्व अंगे श्वासाच्या लयीबरोबर हलतात. एकच अवयव फुगवावयाचा व बाकीच्यांकडे दुर्लक्ष करावयाचे, असे येथे घडत नाही.

१९०९ साली ते गादीवर आले. मग आपणास लाभलेले हित त्यांनी प्रजेस वाटण्याचे ठरविले व संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. मुले, मुली, स्त्रिया, वृद्ध या सर्वांसाठी तो व्यायाम होता; मल्लांचीच ती मिरासदारी नव्हती. व्यायामाबरोबर साधा व ताजा आहार हवा, हेही ते आग्रहाने सांगत. १९३८ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक लंडन येथे इंग्रजीत प्रसिद्ध झाले. नमस्कार हे नाव एका धर्मातले खरे. परंतु कण्यास व फुप्फुसास धर्मभेद ठाऊक नसतो. ज्याची जी प्रार्थना असेल, ती त्याने मनात करावी.

आमच्या वाचकांस विशेष आनंद वाटावा अशी गोष्ट ही की, बाळासाहेब चित्रकार व कलारसिक असून त्यांनी १९२९ साली वेरूळच्या व १९३२ साली अजिंठ्याच्या लेण्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. रुंद खांदे, सडपातळ कंबर, हाती कमळ आणि दृष्टी करुणेने खाली झुकलेली. त्याच्या दंडांवर गाठी नाहीत, तरी त्यास दुर्बळ कोण म्हणेल? पुरुषाच्या सौंदर्याचा हा नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे, हे विसरता कामा नये.

कमावलेले बळ बाळासाहेबांनी कोठे खर्च केले? १९३९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतींवाचून तुरुंग उभा राहिला. तेथे कैदी शेती करीत माणसांत येऊ लागले. राजाने हातची सत्ता सोडणे, हे पहाड उचलण्याहून कठीण काम होय. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रांनो, आज आपल्या हातातील यंत्रात दर घटकेस कोणा ना कोणा नटाचे पिळदार पोट दिसते. ते पाहून आपल्या कृश वा स्थूल देहाची लाज वाटणे, ती लाज लपविण्यासाठी उपाशी राहणे, किंवा कोणी सांगितलेली पूड व सुई जवळ करणे, हा व्यायाम नव्हे. ही स्वतःशी मांडलेली लढाई होय. ती छायाचित्रे बहुधा विशिष्ट प्रकाशात, निवडून व दुरुस्त करून घेतलेली असतात, हे ध्यानी धरा. ज्या व्यायामाने झोप चांगली लागते, जिना चढता दम लागत नाही, आईच्या हातचे ओझे घेता येते व मन प्रसन्न राहते, तोच खरा.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. मुलास काडीपैलवान किंवा भोपळा म्हणून हिणविण्याने तो बलवान होत नाही. तो फक्त आरशास भिऊ लागतो. त्यापेक्षा सकाळी त्याच्याबरोबर पाच नमस्कार घालावेत. राजाने प्रथम स्वतः घातले व मग प्रजेस सांगितले. घरातही तोच क्रम असावा.