दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे छायाचित्रकार, मुद्रक, चित्रपट निर्माते, दिग्दर्शक व पटकथाकार होते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या मूकपटामुळे त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी अनेक वर्षे स्थिर छायाचित्रण केले व काही काळ पुरातत्त्व खात्यातही काढला. जुनी शिल्पे, तीर्थक्षेत्रे आणि पुराणकथा यांच्याशी आलेला हा संबंध त्यांच्या चित्रपटांतून अखेरपर्यंत दिसतो.

बालपण व शिक्षण

फाळके यांचा जन्म गोदावरीच्या उगमाजवळील त्र्यंबकेश्वर या ज्योतिर्लिंगाच्या गावी झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. पौरोहित्य, कथा-कीर्तन व यात्रा यांनी भरलेल्या वातावरणात धुंडिराजांचे बालपण गेले. पुढे वडिलांची मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले.

१८८५ मध्ये फाळके यांनी सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील चित्रकलेचा अभ्यास आटोपून ते थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासोबत बडोद्यास गेले व तेथील कलाभवनात शिकू लागले. तैलरंग व जलरंग चित्रण, वास्तुकला आणि प्रतिकृती बनविणे हे विषय त्यांनी अभ्यासले. १८९० मध्ये त्यांनी कॅमेरा विकत घेतला व छायाचित्रणाचे प्रयोग सुरू केले. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांचा हात ओळखून त्यांना तिरंगी ठसे व प्रकाश-शिलामुद्रण शिकण्यासाठी रतलामला पाठविले.

छायाचित्रकार म्हणून

१८९५ च्या सुमारास फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून व्यवसाय मांडला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दगावले आणि त्यांनी गोध्रा सोडले. बडोद्यास पुन्हा व्यवसाय सुरू केला, परंतु कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व आयुष्य घटवितो, अशी समजूत लोकांत पसरल्याने गिऱ्हाईक मिळेना. या काळात त्यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. ते जादूचे प्रयोगही शिकले. पुढे आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते हे प्रयोग करीत. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी सरस्वतीबाई पुढे त्यांच्या चित्रपटनिर्मितीतील सर्वांत मोठा आधार ठरल्या.

१९०३ मध्ये त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत या खात्याची पुनर्रचना झाली होती, आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या काळी स्मारकांची नोंद मुख्यतः मोजमापांची रेखाटने आणि काचेच्या तबकड्यांवरील छायाचित्रे यांच्या साहाय्याने होत असे. वजनदार कॅमेरा व नाजूक काचा सांभाळत दूरच्या जागी जाणे, प्रकाशाची वाट पाहणे आणि दगडातील कोरीव काम स्पष्ट उमटेल असा कोन निवडणे हे या कामाचे स्वरूप होते.

स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ मध्ये, त्यांनी सरकारी नोकरी सोडली व लोणावळ्यास छपाईचा उद्योग काढला. राजा रविवर्मा यांच्या देवदेवतांच्या शिळाछाप चित्रांसाठीही त्यांनी काम केले. हा छापखाना पुढे मुंबईत 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने वाढला. छपाईची नवी यंत्रे व तंत्र पाहण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाल्याने त्यांनी या व्यवसायातून अंग काढून घेतले.

चित्रपटाकडे

१९११ मध्ये मुंबईत फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. राम, कृष्ण व अयोध्या-गोकुळ ही स्थळे अशीच पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. पुढील काही महिने ते सतत चित्रपट पाहत व रात्री त्यांतील तंत्राचा अभ्यास करीत. अतिश्रमाने त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारानंतर ती सुधारली. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते इंग्लंडला निघाले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत निर्मितीचे तंत्र पाहून आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील बी रुजून वेल वाढण्याची क्रिया थोड्या थोड्या अवधीने टिपली व 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला.

'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्यांनी शिकून घेतली आणि चित्रपटात काम करणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. कॅमेरा चालविण्याची जबाबदारी फाळके यांनी आपले जुने स्नेही त्र्यंबक तेलंग यांना शिकवून त्यांच्यावर सोपविली. स्त्री-कलाकार न मिळाल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. राजवाड्याचे प्रसंग दादर येथे, तर बाहेरची दृश्ये वांगणी परिसरात चित्रित झाली. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला.

तीर्थक्षेत्रे व ऐतिहासिक स्थळे

१९१३ मध्येच फाळके नाशिकला राहावयास गेले. गोदावरीचा घाट, देवळे, डोंगर व लेणी जवळ असल्याने पौराणिक कथांना लागणारी पार्श्वभूमी त्यांना तेथे मिळाली. कथापटांच्या जोडीला त्यांनी लघुपटही काढले. त्यांत गोदावरीचे देखावे, वेरूळची लेणी व सिंहस्थ पर्वणी यांसारखे विषय होते. ज्यांना यात्रा घडणे शक्य नव्हते, अशा प्रेक्षकांपुढे ही स्थळे प्रथमच हलत्या चित्रांतून आली.

'लंकादहन' (१९१७) या चित्रपटात साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत, असे सांगितले जाते. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) व 'कालियामर्दन' (१९१९) यांत फाळके यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. यश मिळत असतानाच 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी'तील भागीदारांशी त्यांचे पटेनासे झाले. कंपनी सोडून ते सहकुटुंब काशीला गेले व तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले.

'सेतुबंधन'च्या चित्रीकरणासाठी त्यांनी हंपीसारख्या स्थळाची निवड केली. तुंगभद्रेकाठचा हा परिसर परंपरेने रामायणातील किष्किंधा मानला जातो. पैसा संपल्याने काम मध्येच थांबले. दरम्यान १९३१ मध्ये 'आलम आरा' प्रदर्शित होऊन बोलपटांचे युग सुरू झाले. मूकपट म्हणून केलेल्या 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज द्यावा लागला.

अखेरचा काळ

कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव मूळ बोलपट व शेवटचा चित्रपट. त्यानंतरचे दिवस त्यांनी नाशिकला आर्थिक ओढगस्तीत काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटनिर्मितीस सरकारी परवाना लागे. आणखी एक चित्रपट काढण्यासाठी त्यांनी केलेला अर्ज नामंजूर झाला व त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

वारसा

फाळके यांनी सुमारे ९५ चित्रपट व २६ लघुपट निर्माण केले असे मानले जाते. त्यांतील बहुतेक नष्ट झाले असून काहींचे अंशच उरले आहेत. त्यामुळे त्यांनी टिपलेली त्या काळातील घाट व मंदिरे यांची दृश्येही मोठ्या प्रमाणात लुप्त झाली. चित्रपटसृष्टीतील योगदानासाठी भारत सरकार १९६९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देते. मुंबईतील गोरेगाव येथील चित्रनगरीस त्यांचे नाव आहे. नाशिक येथील त्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे.