विश्लेषण : अख्खे शहरच नेपथ्य करणारे मॅक्स राइनहार्ट कोण होते?

ऑस्ट्रियातील साल्झबर्गमध्ये दर उन्हाळ्यात कॅथेड्रलसमोरच्या चौकात ‘येडरमान’ हे नाटक होते. मागे पडदा नसतो, रंगवलेला महालही नसतो. प्रेक्षकाला नाटकाच्या आत बसवणाऱ्या अशा प्रयोगांना आज ‘इमर्सिव्ह थिएटर’ म्हणतात. हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी मॅक्स राइनहार्ट तेच करत होते.

सुरुवात कुठून झाली?

राइनहार्ट यांचा जन्म १८७३ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव गोल्डमन. साल्झबर्ग आणि नंतर बर्लिनमध्ये ते नट होते; ऐन विशीत दाढी चिकटवून म्हाताऱ्यांच्या भूमिका करत. दिग्दर्शक झाल्यावर १९०५ मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी फिरत्या रंगमंचावर जंगल उभारले. १९११ मध्ये लंडनचे ऑलिम्पिया हे अवाढव्य प्रदर्शन सभागृह ‘द मिरॅकल’साठी आतून कॅथेड्रलसारखे सजवले गेले. प्रेक्षक जणू प्रार्थनेला आलेले भाविकच.

चौकात नेमके काय केले?

२२ ऑगस्ट १९२० रोजी ‘येडरमान’ने साल्झबर्ग महोत्सव सुरू झाला. ह्युगो फॉन हॉफमन्स्टाल यांच्या या नाटकात एका श्रीमंताला ऐन मेजवानीत मृत्यूचे बोलावणे येते. राइनहार्ट यांनी चौकात साधा लाकडी मंच घातला आणि बाकीचे काम शहरावर सोपवले. नायकाच्या नावाची हाक चर्चच्या मनोऱ्यांवरून यायची, लांबच्या किल्ल्यावरूनही यायची. खऱ्या घंटा वाजत. प्रयोगाची वेळ अशी, की नायकाचा अंत जवळ येताना उजेडही उतरत जाई. प्रकाशयोजना चक्क सूर्याकडे! चुकायला इथे भरपूर वाव होता, म्हणूनच जागेचा एवढा बारीक अभ्यास लागला.

१९३३ मध्ये ‘फाउस्ट’साठी त्यांनी डोंगराच्या कड्यात कोरलेली जुनी घोडेस्वारी शाळा निवडली. वास्तुविशारद क्लेमेन्स होल्झमायस्टर यांनी कड्यालगत एक छोटे शहरच बांधले. नाटकातील सगळी ठिकाणे एकाच वेळी उभी. ज्या प्रवेशाची पाळी, तिथेच दिवे लागत. नेपथ्य बदलण्यासाठी थांबायची गरजच उरली नाही. पुढच्या वर्षी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ थेट व्हेनिसच्या चौकात, खऱ्या कालव्याकाठी झाले.

हे सगळे हातातून कसे गेले?

नाझी १९३३ मध्ये सत्तेवर आले आणि राइनहार्ट यांची बर्लिनमधील नाट्यगृहे गेली. १९३४ मध्ये अमेरिकेत हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागृहात त्यांनी पुन्हा ‘मिडसमर’ केले. तिथली शिंपल्याच्या आकाराची कमान हलवून, माती आणून झाडे लावली. शेवटी मशालींची मिरवणूक टेकडीवरून उतरत आली. पण साल्झबर्गला शहर होते तसे वापरता आले होते. इथे जंगल वाहून आणावे लागले.

१९३७ मध्ये ते कायमचे अमेरिकेला गेले. पुढच्या वर्षी नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतला, ‘येडरमान’ बंद केले आणि साल्झबर्गमधील त्यांचा लिओपोल्ड्सक्रोन हा वाडा जप्त केला. ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. साल्झबर्ग त्यांना पुन्हा पाहता आले नाही.

‘येडरमान’ १९४६ मध्ये त्याच चौकात परतले. आजही पाऊस आला, की प्रयोग सभागृहात हलवावा लागतो.