वैमानिक रिचर्ड बेल डेव्हिस

शंभरांतलें एक मेंढरूं हरवलें असतां नव्याण्णव मागें ठेवून त्या एकाच्याच शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आमच्या शाळेंतील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. हिशेबी मनुष्यास मेंढपाळाचें हें करणें वेडेपणाचें वाटेल. तसाच वेडेपणा एका वैमानिकानें ऐन रणांत केला. त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांस थोडक्यांत सांगणार आहों.

रिचर्ड बेल डेव्हिस यांचा जन्म ता. १९ मे १८८६ रोजीं लंडन येथें झाला. अगदीं लहानपणींच ते मातापित्यांस अंतरले व एका डॉक्टर आप्तांनीं त्यांचा सांभाळ केला. ब्रॅडफील्ड कॉलेजांत शिक्षण घेऊन १९०१ सालीं, कोवळ्या वयांतच, ते ब्रिटिश आरमारांत दाखल झाले. विमानविद्या पुढें नुकतीच उदयास येत होती. ती त्यांनीं स्वतःच्या हौसेनें शिकून घेतली आणि १९१३ सालीं ते आरमाराच्या वैमानिक शाखेंत गेले.

लवकरच पहिलें महायुद्ध पेटलें. ता. २३ जानेवारी १९१५ रोजीं बेल्जममधील झीब्रुग बंदरांत असलेल्या जर्मन पाणबुड्यांवर बाँब टाकण्यास ते निघाले. आरंभींच त्यांच्या मांडींत गोळी शिरली. तरीहि तासभर विमान सांभाळून त्यांनीं आपली कामगिरी पुरी केली. परंतु त्यांची खरी कसोटी पुढेंच व्हावयाची होती.

त्या वर्षीं गॅलिपोलीची मोहीम चालली होती. ऑक्टोबरांत बल्गेरिया तुर्कांच्या बाजूस मिळाला. तेव्हां त्या दोन देशांस जोडणाऱ्या लोहमार्गावरील फेरेजिक जंक्शनवर हल्ला करण्याचें ठरलें. ता. १९ नोव्हेंबर १९१५ रोजीं डेव्हिस व त्यांचे सोबती तेथें पोंचले. त्यांतील गिल्बर्ट स्मायली या तरुण वैमानिकाच्या विमानास खालून तोफेचा मारा लागला व तें दलदलींत उतरलें. शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून स्मायलीनें आपल्या विमानास आग लावली. मात्र त्यांत एक बाँब न सुटतां राहिलेला होता.

इतक्यांत डेव्हिस आपल्यासाठीं खालीं उतरत आहेत असें त्यास दिसलें. ते जळत्या विमानाजवळ आले आणि बाँब फुटला तर? स्मायली स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं पळाला नाहीं. तो आगीकडे परत धांवला आणि थोड्या अंतरावरून पिस्तुलाची गोळी झाडून त्यानें तो बाँब आधींच फोडला.

विमान उतरविणें म्हणजे काय, हें आमच्या बालवाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. जमिनीवर असलेलें विमान पंख मिटलेल्या पांखरासारखें असहाय असतें. चाक चिखलांत रुतलें किंवा इंजिन बंद पडलें, तर एकाच्या जागीं दोघे शत्रूच्या हातीं सांपडावयाचे. शिवाय दुसऱ्या मनुष्याचें वजन घेऊन पुन्हां आकाशांत चढावयाचें असतें. डेव्हिस यांचें लहानसें न्यूपोर विमान एकट्याच्याच सोयीचें केलेलें होतें. पुढली बैठक झांकून टाकलेली होती. शत्रूची तुकडी जवळ येत असतांहि ते सुरक्षित अंतरावर उतरले. स्मायली अंग चोरून त्या झांकलेल्या जागेंत कसाबसा शिरला, आणि दोघेहि सुखरूप आपल्या तळावर परतले. या पराक्रमाबद्दल ता. १ जानेवारी १९१६ रोजीं डेव्हिस यांस व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

पुढें ते व्हाइस-ॲडमिरलच्या पदापर्यंत चढले व १९४१ सालीं सेवानिवृत्त झाले. परंतु दुसरें महायुद्ध चालू होतें. एवढ्या मोठ्या पदाचा अभिमान बाजूस ठेवून त्यांनीं आपण होऊन खालचा हुद्दा पत्करला आणि विमानवाहू जहाजांवर कप्तानाचें काम केलें. ता. २६ फेब्रुवारी १९६६ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांनीं पाडलेली वाट पुढें रुंद झाली. एप्रिल १९४४ मध्यें ब्रह्मदेशाच्या जंगलांतून कार्टर हार्मन या अमेरिकन वैमानिकानें एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक हेलिकॉप्टरनें बाहेर काढले. त्या यंत्रांत एका वेळीं एकच उतारू मावत असल्यानें तो पुनःपुन्हां तेथें गेला. आज हेलिकॉप्टर अधांतरीं थांबून दोराच्या साह्यानें मनुष्यास वर घेऊं शकतें व इतर विमानें त्याचें रक्षण करितात. साधनें बदललीं, एकासाठीं परत फिरणारें मन मात्र तेंच लागतें.

आमच्या वाचकांत ज्यांचे मुलगे सैन्यांत आहेत असे आईबाप असतील. आपला मुलगा मागें राहिला तर त्याच्यासाठीं कोणी परत येईल, हा विश्वास त्यांस किती मोलाचा वाटत असेल! विद्यार्थ्यांनो, तुम्हांस विमान मिळो वा न मिळो. परंतु आजाराने किंवा गरिबीनें मागें पडलेला एखादा सोबती प्रत्येक वर्गांत असतोच. आपण पुढें गेलों यांतच समाधान न मानतां त्याच्यासाठीं मागें वळावयाचें. आणि आपण मागें राहिलों, तर स्मायलीप्रमाणें आपल्यासाठीं येणाऱ्याच्या जिवाची आधीं काळजी वाहावयाची. एवढें साधलें तर या चरित्राचें वाचन सार्थकीं लागलें, असें आम्ही समजूं.