हैदराबादचा वैमानिक, महाराष्ट्राचा राज्यपाल : एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ

गेल्या प्रजासत्ताक दिनी शाळेत झेंडावंदन झाल्यावर सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं की सर, विमान आणि हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांत आपली माणसं असतात का? मी त्याला म्हटलं, बेटा, चालवणारे तर आहेतच, पण अख्ख्या हवाई दलाचा प्रमुख झालेला एक माणूस आहे आणि तो पुढे आपल्याच महाराष्ट्राचा राज्यपाल होता. त्याने नाव विचारलं. नाव सांगितलं, पण वर्गात कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. म्हणून हा लेख.

मुकुटबनहून दक्षिणेला गेलं की पैनगंगा लागते. पलीकडे आदिलाबाद. स्वातंत्र्याआधी नदीच्या अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड होता आणि पलीकडे निजामाचं राज्य. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक आजही नदीपलीकडे आहे. त्याच निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत, ९ जून १९२३ रोजी इद्रिस हसन लतीफ यांचा जन्म झाला. शिक्षण निजाम कॉलेजात झालं. घर सुशिक्षित होतं. मुलगा डॉक्टर, इंजिनिअर किंवा संस्थानचा अधिकारी सहज झाला असता. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं आणि या पोराला उडायचं होतं.

वयाच्या अठराव्या वर्षी त्यांची हवाई दलासाठी निवड झाली. अंबाल्याला प्रशिक्षण घेऊन २६ जानेवारी १९४२ रोजी ते अधिकारी झाले. तेव्हा त्या तारखेला प्रजासत्ताक दिनाचा अर्थ नव्हता. सुरुवातीला कराचीला समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणाचं काम मिळालं. वापिटी, ऑडॅक्स, हार्ट अशी जुन्या बनावटीची दोन पंखी विमानं, बसायची जागा उघडी, वारा थेट तोंडावर. पुढे काही मोजक्या हिंदुस्थानी वैमानिकांना प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं, त्यात लतीफ होते. तिथे हरिकेन आणि स्पिटफायर ही त्या काळातली नावाजलेली लढाऊ विमानं त्यांनी चालवली. १९४४ मध्ये परत आल्यावर ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांविरुद्धच्या लढाईत उतरले.

मग आलं १९४७. जमीन वाटली गेली, रेल्वेचे डबे वाटले गेले, तसं हवाई दलही वाटलं गेलं. मुसलमान अधिकाऱ्यांना विचारलं गेलं की इकडे राहणार की तिकडे जाणार. लतीफ यांचे जवळचे साथीदार असगर खान आणि नूर खान यांनी पाकिस्तान निवडलं आणि यांनाही तिकडे येण्याचा आग्रह केला. लतीफ यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं की मजहब आपल्या जागी आणि वतन आपल्या जागी, दोन्हींची गल्लत करायची नाही. पुढे ते दोन्ही मित्र पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. मोठ्या पदाचं आमिष तिकडे किती होतं, हे यावरून लक्षात यावं. इकडे मात्र पुढे काय होईल याची हमी कुणीच देत नव्हतं.

परीक्षा तिथेच संपली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज हैदराबाद संस्थानात गेली. लतीफ यांचं स्वतःचं शहर, स्वतःची माणसं तिथे. त्या दिवसांत एका हैदराबादी मुसलमान अधिकाऱ्याच्या मनावर काय ओझं असेल, हे आपल्या घरातल्या बुजुर्गांना वेगळं सांगायला नको. लतीफ आपल्या गणवेशात कायम राहिले.

देशानेही त्यांच्यावर विश्वास टाकला. टेम्पेस्ट विमानांच्या चौथ्या स्क्वाड्रनचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. १९५० साली पहिल्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या आकाशातून विमानांनी जी सलामी दिली, तिच्या अग्रभागी ते होते. ज्या तारखेला आठ वर्षांपूर्वी ते अधिकारी झाले होते, तीच ही तारीख.

साठच्या दशकात ते वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासात हवाई दलाचे प्रतिनिधी होते. १९७१ च्या युद्धावेळी हवाई मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी त्यांच्यावर होती. याच युद्धात पूर्वेकडे मेघना नदीवरचा पूल तुटलेला असताना एमआय-४ हेलिकॉप्टरांनी आपले जवान पलीकडे पोचवले आणि ढाक्याची वाट मोकळी केली. लतीफ स्वतः लढाऊ विमानांचे वैमानिक, पण हेलिकॉप्टरचं मोल त्यांना ठाऊक होतं. १९७५ मध्ये पाटणा शहर पुरात बुडालं, तेव्हा मध्य हवाई कमांडची सूत्रं त्यांच्याकडे होती आणि हवाई दलाच्या मदतकार्याची व्यवस्था त्यांनी पाहिली. छतावर अडकलेल्या माणसाला वरून येणारी भाकरी कुणाच्या हातची आहे याच्याशी घेणं नसतं.

१ सप्टेंबर १९७८ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले. त्यांच्या आधीचे प्रमुख होते आपले मराठी हृषीकेश मुळगावकर. मुळगावकरांकडून सूत्रं लतीफ यांच्याकडे आली. या पदावर पोचलेले ते पहिले मुसलमान, आणि आजपर्यंत एकमेव. त्यांच्या तीन वर्षांच्या काळात हवाई दलाची जुनी विमानं बदलायचं मोठं काम झालं. जग्वार विमानं १९७९ मध्ये यायला लागली. मिग-२३ आणि खूप उंचीवरून टेहळणी करणारं मिग-२५ हीदेखील याच काळातली. निवृत्त व्हायच्या थोडं आधी त्यांनी मिग-२५ मधून उड्डाण केलं. तेव्हा वय होतं ५८. उघड्या वापिटीपासून सुरू झालेला प्रवास आवाजाच्या कितीतरी पट वेगाच्या विमानापर्यंत आला. ३१ ऑगस्ट १९८१ ला ते निवृत्त झाले.

मार्च १९८२ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मुंबईला आले. तो काळ सोपा नव्हता. मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू होता, १९८४ मध्ये भिवंडीत दंगल पेटली. आपल्या विदर्भात याच काळात, ऑगस्ट १९८२ मध्ये, चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. एप्रिल १९८५ पर्यंत ते राजभवनात होते. त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ यांना ते घर नवं नव्हतं, कारण त्यांचे वडील अली यावर जंग हेही महाराष्ट्राचे राज्यपाल होते. पण बेगम साहेबा राजभवनाच्या बागेत बसून राहिल्या नाहीत. धारावीच्या झोपडपट्टीत बायका-मुलांसाठी त्यांनी काम उभं केलं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. राज्यपालपदानंतर लतीफ फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले आणि १९८८ ला हैदराबादला परतले. २०१७ मध्ये बिल्कीस बेगम गेल्या आणि ३० एप्रिल २०१८ रोजी, ९४ व्या वर्षी, लतीफ साहेबांनीही या जगाचा निरोप घेतला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. प्रमुख एकच झाला, याची खंत आहेच आणि ती लपवायची गरज नाही. पण फक्त खंत करून काय होणार? बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलं तर खडकवासल्याच्या एनडीएमधून हवाई दलाचा रस्ता खुला आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते. २०२२ पासून तिथे मुलीही जातात. मुलांच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था १९७७ पासून औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण तर हैदराबादजवळ हकीमपेटला होतं, आपल्या पैनगंगेपासून काही तासांवर.

आपल्याकडे पोरगं दहावी झालं की अब्बा गॅरेजचा नाहीतर दुकानाचा विचार करतात. त्यात कमीपणा नाही. फक्त त्याआधी एकदा पोराला किंवा पोरीला जवळ बसवून ही हकिगत सांगा आणि तिला किंवा त्याला काय व्हायचंय ते विचारा. त्या सातवीतल्या मुलाने सध्या गणिताची वही नीट ठेवायला सुरुवात केली आहे.